यवतमाळचा डोंगरी पट्टा: इंग्रजांनी वसवलेली गावं, शेजारचे कोलाम पोड आणि पाठीवरची बॅग

पाठीला बॅग लावून कमी पैशांत जग फिरणाऱ्यांच्या यादीत ग्वाटेमालाचं नाव बरंच वर असतं. कारण सोपं आहे. डोंगरात वसलेली स्पॅनिश काळातली गावं, दगडी रस्ते, जुनी चर्च. आणि त्याच गावांच्या बाजारात माया भाषा बोलणारी, स्वतः विणलेले कपडे घालणारी माणसं. चिचिकास्तेनांगो नावाच्या गावात गुरुवारी आणि रविवारी बाजार भरतो. तिथल्या चर्चच्या पायऱ्यांवर कीचे माया लोक आजही धूप जाळून आपल्या पद्धतीने पूजा करतात. राज्यकर्त्यांनी बांधलेलं गाव आणि त्याआधीपासून तिथे असलेली माणसं एकाच चौकात दिसतात.

अशीच मांडणी महाराष्ट्रातही आहे. नागपूरहून एसटीने चार तासांच्या आत तिथे पोहोचता येतं. पण यवतमाळ जिल्ह्याचं नाव काढलं की फिरायला जाण्याचा विचार कुणाच्या मनात येत नाही. शेतकरी आत्महत्या, कापसाचा भाव, २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन गेलेले वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर, नरभक्षक ठरवलेली वाघीण. बातम्यांमधून राज्याला दिसलेला यवतमाळ हा एवढाच. त्या बातम्या खऱ्याच आहेत. पण १३ हजार ५८२ चौरस किलोमीटरचा आणि २०११ च्या जनगणनेनुसार २७ लाख ७२ हजार लोकांचा जिल्हा त्यात मावत नाही.

मग इथे नेमकं काय आहे? बॅग घेऊन जायचं तर कुठे? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जिथे लोक राहतात तिथे ‘बघायला’ जायचं तर कसं?

पठार आहे, हिल स्टेशन नाही

आधी एक गैरसमज दूर करू. डोंगरी गावं म्हटल्यावर डोळ्यांसमोर चिखलदरा येतं. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास आहे. यवतमाळ शहर साधारण ४५० मीटरवर. आजूबाजूच्या कापसाच्या सपाट प्रदेशाच्या तुलनेत हा उंचवटा आहे, एवढंच. उत्तर आणि पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा आणि मधे अजिंठ्याच्या रांगांचे तुटक डोंगर, साग, बांबू, मोह. संध्याकाळची हवा बरी असते. पण थंड हवेचं ठिकाण समजून मे महिन्यात कुणी गेलं तर पारा ४५ च्या आसपास भेटेल.

शहराचं नाव जुनं आहे. ‘ऐने-अकबरी’त ते ‘योत-लोहारा’ असं येतं. लोहारा हे शेजारचं गाव, आज शहराला जवळपास चिकटलेलं. योत म्हणजे यवत आणि शेवटचा ‘माळ’ हा ‘महाल’ या महसुली शब्दाचा अपभ्रंश असल्याचं इंग्रजी गॅझेटियर सांगतं. त्याच काळात कळंब हे वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं ठाणं होतं. पूर्वेचा वणीकडचा भाग चंद्रपूरच्या गोंड राजांच्या अमलाखाली होता. म्हणजे आज ज्यांना ‘जंगलातले लोक’ म्हटलं जातं, त्यांच्यातल्या काहींचे पूर्वज इथे राज्य करत होते.

गावं उभी राहिली ती माल नेण्यासाठी

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे इथे जो जिल्हा झाला त्याचं नाव होतं ‘वून’, म्हणजे वणी. १९०५ मध्ये त्यात पुसद तालुका जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळालं. त्याच्या आसपासच्या काळात कचेऱ्या, विश्रामगृहं, जिनिंग-प्रेसिंग कारखाने, मिशनच्या इमारती उभ्या राहिल्या. १९५३ मध्ये इथे सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था तीस वर्षं यवतमाळात होती. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली.

ग्वाटेमालातल्या अँटिग्वासारखी देखणी वास्तुकला इथे शोधू नका. स्पॅनिशांना तिथे राजधानी करायची होती. इंग्रजांना इथून कापूस आणि साग न्यायचा होता. त्यामुळे इथल्या वसाहतकालीन खुणा राजवाड्यांमध्ये सापडत नाहीत. त्या गोदामं, कचेऱ्या आणि रुळांमध्ये सापडतात.

त्यातली सगळ्यात बोलकी खूण म्हणजे ‘शकुंतला’. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही सुमारे ११३ किलोमीटरची नॅरोगेज लाइन, रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. किलिक निक्सन अँड कंपनी या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती उभारली. दारव्हा, कारंजा करत कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला जायच्या, तिथून मुंबईला आणि मुंबईहून जहाजाने इंग्लंडला. या गाडीचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलं होतं. म्हणजे ज्या शहराच्या गिरण्यांकडे कापूस जायचा, त्याच शहरातून तो ओढणारं इंजिन आलं. १९९४ पर्यंत ते धावलं, नंतर डिझेल इंजिन आलं.

स्वातंत्र्यानंतर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, पण ही लाइन खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली. गाडी भारतीय रेल्वे चालवायची आणि मालकी मात्र सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. हे विचित्र प्रकरण अनेक वर्षं बातम्यांचा विषय होतं. यवतमाळची ही गाडी काही वर्षांपासून बंद आहे. रूळ झुडपांत हरवलेत, तरी जुन्या स्टेशनांच्या इमारती बघण्यासारख्या आहेत. दुसरीकडे वर्धा-यवतमाळ-नांदेड या ब्रॉडगेज मार्गाचं काम सुरू आहे आणि त्यातल्या वर्धा ते कळंब टप्प्याचं उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ ला झालं. शंभर वर्षांपूर्वी रेल्वे आली ती कापसासाठी. माणसांच्या सोयीची रेल्वे अजून येतेच आहे.

वणीची गोष्ट थोडी वेगळी. तिथे जमिनीखाली कोळसा आहे, त्यामुळे ट्रक, धूळ आणि पैसा असं सगळंच आहे. वणीला रेल्वे स्टेशनही आहे, माजरी-आदिलाबाद मार्गावर.

गावाबाहेरचं गाव

जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचं प्रमाण साधारण साडेअठरा टक्के आहे. केळापूर, राळेगाव, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी या बाजूंचे बरेच भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात, म्हणजे तिथे ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. गोंड, परधान, कोलाम हे पूर्वेला आणि दक्षिणेला. आंध मुख्यतः पुसद, उमरखेड, महागाव भागात. बंजारा समाजाचे तांडे पुसद, दिग्रस, दारव्हा पट्ट्यात दिसतात. महाराष्ट्रात बंजारा समाज अनुसूचित जमातींमध्ये मोडत नाही, पण त्याची भाषा, वेश, सण वेगळे आहेत. राज्याचे सर्वाधिक काळ सलग मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक याच जिल्ह्यातल्या गहुलीचे.

या सगळ्यांत बाहेरच्या माणसाला सगळ्यात कमी माहिती असते ती कोलामांची. महाराष्ट्रात तीन जमाती ‘विशेषतः असुरक्षित आदिवासी गट’ म्हणून नोंदलेल्या आहेत: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. कोलामांची वस्ती यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, नांदेड आणि पलीकडे तेलंगणातल्या आदिलाबादच्या बाजूला पसरलेली आहे. ते स्वतःला कोलावर म्हणवतात.

त्यांच्या वस्तीला ‘पोड’ म्हणतात. पोड हे बहुधा मूळ गावापासून थोडं दूर, डोंगराच्या अंगाला असतं. सातबारा, शाळा, रेशन दुकान मुख्य गावात आणि पोड दोन-तीन किलोमीटर आत, असं चित्र अनेक ठिकाणी आहे. मोबाइलच्या नकाशावर पोड सापडेलच याची खात्री नाही. पारंपरिक घर म्हणजे बांबूच्या कुडाच्या भिंती आणि त्यावर माती-शेणाचा लेप. वस्तीच्या मधोमध चावडी. पोडाचा प्रमुख नाईक. त्याच्यासोबत महाजन आणि कारभारी आणि देवाचं काम बघणारा घट्या. तंटा, लग्न, सण या सगळ्याचा निर्णय चावडीवर होतो. भीम हा त्यांचा मोठा देव, महाभारतातला भीम. डोंगर, पाऊस, पीक यांच्याशी त्याचं नातं जोडलेलं आहे.

गंमत म्हणजे शेजारच्या आदिलाबादमध्ये गोंडांच्या काही स्थानिक देवांचे पुजारी कोलाम असतात. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात तिथे काम करताना ही पद्धत नोंदवली. राज्य गोंडांचं, पण या डोंगराच्या देवाशी बोलायचं तर कोलामच हवा. कारण तो या मातीतला आधीचा मानला जातो.

आणि भाषा? कोलामी ही द्रविड कुळातली. मराठीच्या मुलखात राहून ती मराठीची बोली नाही, गोंडीचीही नाही. नायकी, परजी, गदबा या भाषांसोबत ती मध्य द्रविड गटात मोडते. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी वर्धा जिल्ह्यात कोलामी बोलणाऱ्यांकडून साहित्य गोळा केलं आणि १९५५ मध्ये तिच्या व्याकरणावर पुस्तक प्रसिद्ध केलं. जगभरातल्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कोलामी माहीत आहे. यवतमाळच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर ती बोलली जात असेल, तर पुण्या-मुंबईचा मराठी माणूस तिला तेलुगू समजतो. २०११ च्या जनगणनेत कोलामी मातृभाषा सांगणारे सव्वा लाखाच्या आसपास होते. गोंडी सांगणारे देशभरात जवळपास तीस लाख.

ग्वाटेमालात वीसहून अधिक माया भाषांना कायद्याने मान्यता आहे. तिथे डोंगरातल्या गावांत परदेशी प्रवासी पैसे भरून माया विणकरणींकडून माग चालवायला शिकतात. इथे कोलामी किंवा गोंडी शिकवणारा असा वर्ग कुठल्या बसस्टँडवर पाटी लावून उभा नाही. मुलं पोडात कोलामी बोलतात आणि शाळेत पहिल्या दिवसापासून मराठीला सामोरी जातात.

जंगल कुणाचं?

गावं आणि पोड यांच्यातला दुरावा आपोआप तयार झालेला नाही. १८७८ च्या वन कायद्यानंतर मोठमोठी जंगलं ‘राखीव’ झाली. डोंगरउतारावर जागा बदलत शेती करणाऱ्यांची जमीन एका रेषेने सरकारची झाली. मोह वेचणं, बांबू तोडणं, गुरं चारणं या गोष्टींना परवाने आणि दंड लागले. स्वतःच्या जंगलात माणूस चोर ठरला.

याच मुद्द्यावर हा जिल्हा स्वातंत्र्यलढ्यात एकदा देशाच्या नजरेत आला होता. १० जुलै १९३० ला पुसदजवळ लोकनायक माधव श्रीहरी अणे, म्हणजे बापूजी अणे, यांनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला आणि अटक करून घेतली. समुद्र नसलेल्या विदर्भात मीठ कसं उचलणार? म्हणून गवत. अणे मूळचे वणीचे, जन्म १८८० चा. पुढे ते बिहारचे राज्यपाल झाले. त्यानंतर मध्य प्रांत-वऱ्हाडात जंगल सत्याग्रहाची लाट आली आणि त्यात आदिवासी मोठ्या संख्येने उतरले. पुसदला जाणाऱ्याने हे माहीत असूनच जावं. नाहीतर रस्त्याकडेचं गवत फक्त गवतच दिसतं.

वनहक्क कायदा आला तो २००६ मध्ये, म्हणजे १९३० नंतर ७६ वर्षांनी. वैयक्तिक आणि सामूहिक दाव्यांची कागदपत्रं आजही पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयापासून ग्रामसभांपर्यंत फिरत असतात.

बंजारा समाजाचा अनुभवही याच काळातला आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घेऊन देशभर फिरणारे हे व्यापारी. रेल्वे आणि पक्के रस्ते आले तसा त्यांचा धंदा बसला. वर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. या जिल्ह्यातले तांडे म्हणजे चालणं थांबलेल्या माणसांनी वसवलेली गावं आहेत. पाठीवर सामान टाकून फिरण्याची हौस असलेल्याने तांड्यात गेल्यावर एवढं तरी आठवावं.

कधी जायचं?

सणाच्या हिशेबाने जायचं असेल तर दिवाळी. ऐन दिवाळीच्या दिवसांत गोंड आणि कोलाम वस्त्यांमध्ये दंडार निघते. इथे एक खुलासा: झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा-गडचिरोलीकडे, दंडार नावाचा नाट्यप्रकार आहे, तो वेगळा. यवतमाळ-किनवट-आदिलाबाद पट्ट्यातली दंडार म्हणजे नाचणाऱ्यांची टोळी, जी एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणी म्हणून जाते. हातात टिपऱ्या, ढोल, बायकांच्या वेशातले तरुण आणि सगळ्यांत लक्ष वेधणारे घुसाडी. डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडं, हातात काठी. घुसाडी थट्टा करतो, घाबरवतो, आशीर्वादही देतो. तो अंगात देव आलेला असतो, त्यामुळे सेल्फीसाठी त्याचा टोप ओढू नये हे वेगळं सांगायला लागू नये. पण लागतं. तेलंगणातल्या मारलवाईचे घुसाडी कलावंत कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा हा नाच देशाला माहीत झाला.

गोंडांचा पुराणकथांचा ठेवा सांभाळतात ते परधान. तीन तारांची किंगरी वाजवत ते यजमान गोंड घराण्याच्या कुळाची, देवाची कथा गातात. चार, पाच, सहा, सात देवांची जी कुळं आहेत, त्यांतल्या कुणाचं लग्न कुणाशी होऊ शकतं, हे या कथेतूनच ठरतं. लिहिलेलं पुस्तक नाही. गाणारा गेला की तेवढी पानं गेली.

पौष अमावास्येला आदिलाबादजवळ केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळाचा हा देव. यवतमाळ, चंद्रपूरकडूनही लोक जातात. होळीला बंजारा तांड्यांमध्ये लेंगी गाणी आणि श्रावणात तीज, जिच्यात मुली टोपलीत गहू रुजवतात. पोळ्याला मात्र सगळा जिल्हाच रस्त्यावर असतो. बैल सजवून तोरणाखाली उभे करायचे आणि एकेका शेतकऱ्याने झडती म्हणायची, म्हणजे चिमटा काढणाऱ्या यमकाच्या ओळी. कापसाचा भाव, पुढारी, सावकार, कुणीही सुटत नाही.

सण नको असेल तर मार्च-एप्रिलची पहाट. मोहाची फुलं रात्री गळतात, बायका आणि मुलं उजाडायच्या आत वेचायला जातात. झाडाखालचा पाचोळा आधी झाडून किंवा जाळून साफ केलेला असतो. कुठलं झाड कुणाच्या घरचं हे ठरलेलं असतं. फूल दारूसाठी वापरतात एवढंच शहरात माहीत असतं. वाळवलेला मोह हे पावसाळ्याच्या तोंडावरचं अन्न आणि रोख पैसाही आहे, हे कमी जणांना माहीत असतं.

पाच-सहा दिवसांची वाट

रेल्वेने यायचं तर मुंबई-नागपूर मार्गावरचं धामणगाव स्टेशन जवळचं. तिथून यवतमाळला बस मिळते. पहिला दिवस शहर आणि शकुंतलेचं स्टेशन. दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटरवरचं कळंब. तिथलं चिंतामणीचं मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. काही वर्षांनी कुंडाचं पाणी वर चढून गणपतीच्या पायांना लागतं अशी श्रद्धा आहे.

मग पांढरकवडा, यवतमाळहून साधारण ७० किलोमीटर. राष्ट्रीय महामार्ग ४४ वरचं हे गाव. बहुतेक लोक इथून नागपूर-हैदराबाद गाडीच्या काचेतून बाहेर बघत निघून जातात. एप्रिल १८१८ मध्ये याच परिसरात शिवणीला इंग्रज फौजेने पळत्या दुसऱ्या बाजीरावाला गाठून हरवलं होतं. शेजारी केळापूरला जगदंबेचं देऊळ, नवरात्रात मोठी गर्दी. आणि दक्षिणेला टिपेश्वर अभयारण्य, सुमारे १४८ चौरस किलोमीटर. २०१९ मध्ये इथला एक तरुण वाघ चालत निघाला आणि तीन हजार किलोमीटरच्या आसपास भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा बॅकपॅकर तोच.

वाघाचा विषय फक्त कौतुकाचा नाही. राळेगाव-पांढरकवडा भागात माणसं मारल्याचा ठपका असलेली टी-१ वाघीण, म्हणजे अवनी, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालून मारली गेली. देशभर त्यावर वाद झाला. शहरांमध्ये मेणबत्त्या लागल्या आणि इथल्या गावांत लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. दोन्ही एकाच वेळी. अभयारण्याबाहेरच्या शेतांतही वाघ असतो. त्यामुळे पहाटे किंवा अंधार पडल्यावर एकट्याने पायी ‘ट्रेक’ करण्याची कल्पना इथे सोडून द्यावी.

पांढरकवड्याहून वणीकडे करंजी-मारेगावमार्गे जाता येतं किंवा झरी-जामणीच्या आतल्या रस्त्याने. वेळ असेल तर दुसरा. बसेस कमी, पण कोलाम पोडांचा हा गाभा. याच भागात शिबला-पार्डीजवळ २०२१ मध्ये रस्त्याच्या कामात षटकोनी खांबांसारखा बेसॉल्ट उघडा पडला. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना तडकून असे खांब होतात. दख्खनच्या लाव्ह्याचा पूर्वेकडचा काठ इथे संपत येतो. पुढे वणी-मुकुटबनला चुनखडी आणि कोळसा लागतो.

ज्यांना पश्चिमेकडे जायचं आहे, त्यांच्यासाठी पुसद, उमरखेड आणि पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. तो पावसाळ्यानंतर लगेच बघावा. उन्हाळ्यात नुसता काळा खडक असतो.

सगळ्या वाटेवर एक गोष्ट सांभाळावी: आठवडी बाजाराचा वार. तो गावागणिक वेगळा. एसटी स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं की कळतो. गाव आणि पोड खऱ्या अर्थाने भेटतात ते बाजारात. बांबूची सुपं, टोपल्या, तट्टे, चारोळी, डिंक. पावसाळ्यात तरोट्याची भाजी आणि बांबूचे कोंब. दुपारी बारानंतर बाजार रंगात येतो आणि पाचला पांगायला लागतो, कारण परतीचं अंतर मोठं असतं. टोपली आवडली तर सांगितलेल्या किमतीला घ्यावी. वीस रुपयांसाठी घासाघीस करून नंतर तिचाच फोटो ‘हँडमेड’ म्हणून टाकणं बरं दिसत नाही.

पोडात जायचं का?

हा प्रश्न खरा अवघड आहे. मेक्सिकोतल्या सान हुआन चामुला या माया गावात चर्चच्या आत फोटो काढायला बंदी आहे आणि गावकरी ती कडकपणे पाळायला लावतात. तिथे नियम गावाने केला. यवतमाळच्या पोडांना असा नियम करायची वेळ अजून आलेली नाही, कारण प्रवासी फारसे येत नाहीत. येतात ते सर्वेक्षणवाले, अधिकारी, पत्रकार, निवडणुकीच्या वेळचे कार्यकर्ते. यांतल्या प्रत्येकाने फोटो काढलेले असतात आणि बहुतेकांनी काहीतरी कबूल केलेलं असतं. त्यामुळे कॅमेरा घेऊन आलेल्या अनोळखी माणसाकडे ‘घरकुलाचं काय झालं?’ असा प्रश्न आला तर आश्चर्य वाटून घेऊ नये. आपण सरकारकडून आलो नाही, हे पहिल्या वाक्यात सांगावं.

ओळखीशिवाय जाऊ नये. शाळेतले शिक्षक, आशाताई, ग्रामपंचायतीतलं कुणी, यांच्यामार्फत आधी नाईकांना निरोप द्यावा. गेल्यावर थेट घरांमध्ये न शिरता चावडीपाशी बसावं. देवाच्या जागेत चप्पल, फोटो, हात लावणं, यातलं काहीही विचारल्याशिवाय नाही. लहान मुलांना चॉकलेटं वाटायची सवय तर अजिबातच नको. पुढच्या पाहुण्याकडे ती हात पसरतात आणि मग तोच पाहुणा ‘पर्यटनाने आदिवासी बिघडले’ म्हणतो. जेवण मिळालं तर पैसे कसे द्यायचे हे निरोप पोचवणाऱ्यालाच विचारावं. काही घरांत पैसे घेतले जातात, काही घरांत ते अपमानाचं वाटतं. राहण्यासाठी तालुक्याच्या गावातलं लॉज किंवा विश्रामगृह बरं. रात्र पोडात काढण्याचा हट्ट धरू नये. घर एका खोलीचं असतं आणि नाही म्हणणं त्यांना जड जातं.

आणखी एक. कुडाची घरं, मोरपिसं, ढोल बघायला आलेल्याची निराशा होऊ शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कोलामांचाही समावेश आहे आणि पक्की घरं हा तिचा मोठा भाग. पोडात सिमेंटच्या भिंती, पत्रे, डिश अँटेना, मोटरसायकली दिसतात. तरुणाच्या हातात स्मार्टफोन असतो आणि त्यावर दंडारीचा व्हिडिओ चालू असतो. तो बघून ‘आता काही उरलं नाही’ म्हणणाऱ्याने बांबूच्या गळक्या घरात एक पावसाळा काढून बघावा. त्याच पक्क्या घरात भीमाची पूजा होते, भांडण झालं तर चावडीच बसते आणि आजी नातवाला कोलामीतच हाक मारते.

जाताना रोख पैसे न्यावेत, आतल्या गावांमध्ये एटीएम नसतं आणि नेटवर्क टेकडीप्रमाणे येतं-जातं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा चांगली. टिपेश्वरच्या सफारीचं बुकिंग आधी करावं. सुन्ना आणि माथनी ही तिथली प्रवेशद्वारं, आणि पावसाळ्यात ती बंद असतात. झरी-जामणीच्या बाजूला जायचं असेल तर सकाळीच कंडक्टरला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवावी. ती चुकली तर पुढची दुसऱ्या दिवशी.